‘पडून राहायला तयारी कसली लागते?’ : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वेळ काढून सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार.

इतर वाचकांसाठी थोडा संदर्भ. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की सुट्टी चार रात्रींहून कमी असेल तर मोठं शहर निवडावं आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या रिसॉर्टला निदान पाच रात्री द्याव्यात. रिसॉर्टची तयारी शहरापेक्षा जास्त काटेकोर लागते, असंही लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : ‘लेख घरी बसून नकाशा बघून लिहिल्यासारखा वाटतो. रिसॉर्टला तयारी कसली लागते, पडून तर राहायचं असतं. मुलांना शहरात वणवण करायला लावणं म्हणजे शिक्षा आहे. खर्चाचा विचारच नाही. आणि लुव्र सोमवारी नाही, मंगळवारी बंद असतं, एवढं तरी तपासायचं.’

शेवटचा मुद्दा तुमचा बरोबर आहे. पॅरिसचं लुव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, सोमवारी बंद असतं ते तिथलंच ऑर्से संग्रहालय. माझ्याकडून वारांची अदलाबदल झाली. लेखात दुरुस्ती केली आहे. पण एक वार चुकला म्हणून सगळा लेखच नकाशा बघून लिहिला, हे कुठून आलं? गेली बारा वर्षं लोकांच्या सुट्ट्यांचे आराखडे करून देतोय, किनाऱ्यांचेही आणि शहरांचेही. चूक दाखवा, अवश्य दाखवा. पण माणूस खोटं लिहितोय असं सुचवायचं असेल तर निदान लेख पूर्ण वाचलेला असावा.

आता ‘तयारी कसली लागते’ हे वाक्य. सगळ्यात जास्त सुट्ट्या याच समजुतीमुळे वाया जातात, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

शहरात चूक झाली तर ती त्याच दिवशी सुधारता येते. पाऊस आला तर संग्रहालयात शिरा, एक संग्रहालय बंद असेल तर दुसरं उघडं असतं, हॉटेल पटलं नाही तर मेट्रोच्या दोन स्टेशनांवर दुसरं मिळतं. रिसॉर्टवर ही सोय नाही. तिथे महिना, किनारा, खोली, जेवणाचा प्रकार आणि पोहोचण्याची वेळ हे सगळं पैसे भरतानाच ठरून जातं. पुढे तुमच्या हातात काही उरत नाही. म्हणून तिथे तयारी आधी आणि जास्त.

महिन्यापासून सुरुवात करू. थायलंडचं उदाहरण घ्या. फुकेट पश्चिमेला अंदमान समुद्रावर, को समुई पूर्वेला थायलंडच्या आखातात. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वारे फुकेटच्या पश्चिम किनाऱ्यावर थेट येतात. लाटा मोठ्या, पाणी गढूळ, किनाऱ्यावर लाल झेंडे. त्या काळात समुई बरंच शांत असतं. उलट समुईचा जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि तेव्हा फुकेटचा हंगाम सुरू होत असतो. देश तोच, तारखा त्याच, फक्त किनारा चुकीचा. कॅरिबियनमध्ये अटलांटिक वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, सगळ्यात तीव्र काळ सप्टेंबरच्या मध्याच्या आसपास. तिथे २०११ पासून आणखी एक अडचण आहे : सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ, मुख्यतः वसंत आणि उन्हाळ्यात, पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर ढिगांनी येऊन पडतं. कुजायला लागलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. रिसॉर्टच्या फोटोंत ते दिसणार नाही. म्हणून नकाशावर किनाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा आणि तुमच्याच महिन्यात गेलेल्यांनी टाकलेले फोटो शोधा.

मग भरती-ओहोटी. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे रोजची वेळ ५० मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी सकाळी ९ ला ओहोटी असेल तर चौथ्या दिवशी ती ११:३० ला येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती-ओहोटीतला फरक सर्वांत जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा सर्वांत कमी. उतार सपाट असेल किंवा समोर प्रवाळ असेल तर उधाणाच्या ओहोटीला पाणी गुडघ्याएवढं होतं आणि खाली टोकदार प्रवाळ लागतं. पोहायला भर दुपारच्या उन्हातला तासच उरला, अशी वेळ येते. जवळच्या बंदराचं कोष्टक काढा आणि तुमच्या तारखांचा फरक बघा. भूमध्य समुद्रावर तो बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरच्या आत असतो, तिथे हा मुद्दा सोडून द्या. तीन मीटरच्या वर असेल तर दिवसाचं वेळापत्रक कोष्टकावरूनच आखावं लागेल.

पोहोचण्याची वेळ तर बहुतेक जण बघतच नाहीत. मालदीवमध्ये विमानतळावरून रिसॉर्टच्या बेटांवर नेणारी सी-प्लेन (पाण्यावर उतरणारी छोटी विमानं) फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचं विमान संध्याकाळी उतरलं की पहिली रात्र रिसॉर्टवर नाही, विमानतळाजवळ जाते. खोलीचा ताबा दुपारी ३ ला, सोडायची ११ ला धरली तर तीन रात्रींचे होतात ६८ तास आणि अख्खे दिवस फक्त दोन. त्यातला एक वादळी निघाला तर सुट्टी निम्मी गेली. पाच रात्रींत अख्खे दिवस चार असतात, एक गेला तरी तीन राहतात. ‘निदान पाच रात्री’ हा आकडा यातून आला आहे, नकाशावरून नाही.

सनस्क्रीनचा हिशोबही सांगतो. मोठ्या माणसाच्या सर्वांगाला एका वेळी साधारण ३० मिली लागतं आणि ते दर दोन तासांनी, शिवाय पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावं लागतं. दोन माणसं, पाच दिवस, दिवसातून फक्त दोनदा धरलं तरी ६०० मिली. हातातल्या सामानात बहुतेक विमानतळांवर १०० मिलीपेक्षा मोठी बाटली चालत नाही. म्हणजे ‘आम्ही फक्त केबिन बॅग नेतो’ हा बेत तिथेच कोसळतो.

मुलांबद्दल एवढंच. ‘शिक्षा’ हा शब्द तुम्ही सहज वापरलात. शहरात लहान मुलांबरोबर दिवसाला एकच मोठं ठिकाण, तेही सकाळी, आणि दुपारची झोप खोलीवर, म्हणून हॉटेल मेट्रोपासून दहा मिनिटांच्या आत, असं मी लेखात स्पष्ट लिहिलं आहे. त्यात वणवण कुठे आहे? आणि किनारा मुलांना आपोआप सुरक्षित नसतो. दोन्ही बाजूंना फेसाळ लाटा आणि मध्ये शांत, गडद पाण्याचा पट्टा दिसला की लोक मुलांना घेऊन नेमके तिथेच उतरतात. किनाऱ्यावर आलेलं पाणी त्याच वाटेनं आत परत जात असतं. तिथे खोली जास्त म्हणून लाटा फुटत नाहीत, आणि ओढ तिथेच असते. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा, मग लाटांबरोबर आत या. दमलात तर तरंगत राहा आणि हात वर करा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला भाग जीवरक्षकांच्या नजरेखाली असतो. एकच लाल झेंडा म्हणजे मोठा धोका, बऱ्याच देशांत पोहायला बंदीच, दोन लाल म्हणजे पाण्यात उतरायचंच नाही, जांभळा म्हणजे पाण्यात जेलीफिशसारखे त्रासदायक जीव आहेत. रिसॉर्टला जीवरक्षक किती वाजेपर्यंत असतो, हे बुकिंगच्या आधी ईमेल करून विचारा.

खर्चाचा मुद्दा स्वतंत्र आहे, त्यावर इथे वाद घालत नाही.

तुमच्या लिहिण्यावरून तुमचा रिसॉर्टचा बेत ठरत आला असावा. पैसे भरले नसतील तर महिना, किनाऱ्याचं नाव आणि विमान उतरण्याची वेळ इथेच कळवा. हंगाम आणि भरती-ओहोटी बघून सांगतो.