वहिनी, मार्क कमी पडले का?

लेकीला आमच्या टेक्सासमधल्या सरकारी मेडिकल कॉलेजात आणि बॉस्टनकडच्या एका खासगी कॉलेजात, दोन्हीकडे प्रवेश मिळाला. हे कळवताच पुण्याहून धाकट्या दिराचा प्रश्न आला, "वहिनी, खासगीत कशाला? मार्क कमी पडले का?"

त्याचंही चूक नाही. महाराष्ट्रात हिशेब सरळ आहे. नीटला भरपूर गुण पडले तर बीजे नाहीतर केईएम. हुकलं तर खासगी अभिमत विद्यापीठ आणि वर्षाला वीस-पंचवीस लाख. इथे अमेरिकेत मात्र हार्वर्ड, स्टॅनफर्ड, जॉन्स हॉपकिन्स सगळी खासगीच, आणि तिथे शिरणं महाकठीण. त्यामुळे इथल्या मराठी पालकांचं खूळ नेमकं उलटं: नाव मोठं ना, मग डोळे झाकून जा. कर्ज काय, डॉक्टर झाल्यावर फिटेलच.

फिटेल हो, पण कोणत्या भावात? दोन्ही कॉलेजांची खर्चाची पत्रकं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली. सरकारीची फी वर्षाला वीस-पंचवीस हजार डॉलर, खासगीची सत्तर हजारांच्या आसपास. त्यात घरभाडं, आरोग्य विमा, जेवणखाण धरलं की खासगीचा आकडा लाखाला टेकतो. नुसत्या फीचा फरक चार वर्षांत पावणेदोन लाख डॉलर, म्हणजे दीड कोटी रुपये! शिवाय १ जुलै २०२६ पासून मेडिकलच्या नव्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारचं कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच. उरलेलं बँकेकडून, आणि बँकेला जामीन हवा, म्हणजे आम्हीच.

लेकीला मुलांची डॉक्टर व्हायचंय. या शाखेत कमाई इतर शाखांच्या मानाने कमीच. डोक्यावर एवढं कर्ज असलं की मन आपोआप जास्त पैशाच्या शाखेकडे वळतं, आणि ते वळू नये ही माझी खरी धडपड. नावाला वजन नाही असं मी म्हणणार नाही. २०२२ पासून 'स्टेप वन' या डॉक्टरकीच्या परवान्याच्या पहिल्या परीक्षेत गुण मिळत नाहीत, फक्त पास-नापास, त्यामुळे रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, मिळवताना कॉलेजचं नाव जास्त उपयोगी पडतं असं तिच्या बरोबरीची मुलं सांगतात. असेलही. पण बालरोगासाठी त्या नावाचे दीड कोटी मोजायचे?

आता सरकारीची ही स्वस्ताई येते कुठून? टेक्सासच्या करदात्यांकडून. म्हणून तिथे दहा टक्क्यांहून जास्त जागा बाहेरच्यांना देता येत नाहीत. गंमत म्हणजे, मुलांसाठी या नियमाचा बिनबोभाट फायदा घेणारे आमच्यातलेच पालक गणपतीत पंगतीला बसले की महाराष्ट्राच्या डोमिसाइलला, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांसाठी जागा राखण्याला, 'प्रांतवाद' म्हणतात. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पदव्युत्तर मेडिकलमधलं रहिवासी आरक्षण घटनाबाह्य ठरवलं, तेव्हा यांना कोण आनंद! त्याच निकालात एमबीबीएसला ते काही प्रमाणात चालेल असंही म्हटलंय, ते मात्र कुणी वाचलं नाही. सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्यातल्या मुलांना देणारा राज्य कोटा मला योग्यच वाटतो.

खटकते ती त्या कोट्याची अट. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी. वडिलांच्या खासगी नोकरीतल्या बदलीपायी दहावी बडोद्याला झालेला नागपूरचा मुलगा त्यात अडकतो. टेक्सासला सर्वसाधारणपणे बारा महिने राहून बस्तान बसवलं की तुम्ही इथले. एवढी सवड महाराष्ट्राने द्यायला काय हरकत आहे?

बाँडवरून मात्र दिराचं आणि माझं जुंपतं. सरकारी एमबीबीएसनंतर एक वर्ष सेवा, नाहीतर दहा लाख भरा, हा त्याला जाच वाटतो. मला वाटत नाही. टेक्सास तर लेकीकडून काहीच मागत नाही. मागायला हवं, असं मी फोनवर म्हणाले. लेक शेजारच्या खोलीतून ओरडली, "आई, माझ्या वतीने बाँड लिहून देऊ नकोस!"