देणगी होतीच, पण रजिस्टरही होतं

'इयान राइटकडे गोल करण्याची उपजत देणगी होती, ती कधी ना कधी चमकणारच होती' हे इंग्लिश फुटबॉलपटू राइटवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. चमकणारच होती तर क्रिस्टल पॅलेस या क्लबने करार केला तेव्हा तो जवळपास बावीस वर्षांचा कसा? तोवर क्लबांच्या चाचण्यांत नकार पचवून झाले होते, दंड न भरल्यामुळे थोडी तुरुंगवारीही झाली होती. पोट भरत होतं ते मजुरीवर. पुढे आर्सेनल क्लबसाठी केलेले १८५ गोल सगळ्यांना पाठ असतात. (१९९७ साली क्लबचा सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडल्याचा बनियन त्याने एक गोल आधीच दाखवून टाकला होता, तेही खास त्याचंच!)

आणि लेखात त्याचे शाळेतले शिक्षक सिडनी पिग्डन यांचं नावही नाही? घरी सावत्र बापाचा जाच आणि शाळेत सतत वर्गाबाहेर उभा राहणारा हा पोरगा. या मास्तरांनी त्याला लिहावाचायला बसवलं, वर्गावर्गांतून हजेरीची रजिस्टरं गोळा करायचं काम दिलं. आपल्यावरही कुणी काही सोपवतं, हे त्याला तिथे कळलं. पुढे अनेक वर्षांनी ते अचानक समोर आले, तेव्हा राइटने पटकन डोक्यावरची टोपी काढली आणि रडायलाच लागला. तो व्हिडिओ शोधून बघाच. मी स्वतः चौथीत खडू-डस्टर आणणारा 'मॉनिटर' होतो, गणितात दोनदा नापास होऊनही. त्यामुळे ती टोपी काढणं मला नेमकं कळतं.