दोन ओळींचं पत्र

टोरोंटोत रात्रीचे साडेअकरा झालेत. सकाळी सहाला उठायचंय, पण हे लिहिल्याशिवाय मला झोप यायची नाही.

संध्याकाळी मावसबहिणीच्या सुनेचा फोन आला. पुण्यात तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. पोरगी रात्रभर जागीच होती. "मावशी, त्यांनी दोन ओळींचंच पत्र दिलं," एवढं बोलली आणि रडायलाच लागली.

तिला कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवानगीसाठी, आयटीए आलंय, म्हणजे अर्ज करायचं बोलावणं. आलं त्या दिवसापासून ६० दिवस मिळतात. त्यातले १९ गेले. आयईएलटीएस झालं, डिग्रीचं मूल्यांकन झालं, पोलीस क्लिअरन्ससाठी पासपोर्ट ऑफिसला जाऊन आली, बँकेकडून सहा महिन्यांच्या सरासरी शिलकीचं पत्र आणलं. घोडं अडलं कुठे, तर जिथे सहा वर्षं मान मोडून काम केलं त्या चाकणच्या कंपनीत. एचआरने अनुभवपत्रात लिहून दिलं की सदर व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सीनियर इंजिनिअर पदावर कार्यरत होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा. कामाचं स्वरूप लिहा म्हटलं, तर "पॉलिसीत बसत नाही". आठवड्याचे तास? बसत नाही. पगार? सॅलरी स्लिपा आहेत ना तुमच्याकडे. तिसऱ्या मेलला उत्तरच नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण हेच्या हेच माझ्याबाबतीत २०१८ मध्ये झालंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॅनडाला नुसत्या हुद्द्याशी देणंघेणं नसतं. हुद्दा काहीही असो, रोज करत काय होतात ते त्यांना बघायचं असतं, आणि ते त्यांच्या एनओसी, म्हणजे कामधंद्यांच्या सरकारी वर्गवारीच्या, यादीतल्या कामाशी जुळायला लागतं. म्हणून पत्र लेटरहेडवर हवं, त्यात मुख्य जबाबदाऱ्या, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि भत्ते हवेत, सही करणाऱ्याचं नाव, पद आणि संपर्क हवा. हे काही गुपित नाही, त्यांच्या वेबसाइटवर सरळ लिहिलेलं आहे. पोरीने ते छापून एचआरला दिलं होतं. म्हणजे त्यांना कळलं नाही असंही नाही. त्यांना करायचं नाही.

आता माझी गोष्ट ऐका.

माझे दोन अनुभव होते. पहिली तीन वर्षं भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये, पत्र्याची शेड, पंचवीस-तीस माणसं. नंतरची पाच वर्षं एका मोठ्या नावाच्या कंपनीत, काचेची बिल्डिंग, गेटवर तीन ठिकाणी एंट्री. आयटीए आलं सप्टेंबर संपता संपता आणि मध्ये दिवाळी. मला वाटलं होतं मोठ्या कंपनीचं पत्र चुटकीसरशी मिळेल, भोसरीचंच अवघड जाईल. झालं उलटं. काचेच्या बिल्डिंगने तोंडाला पानं पुसली. दोन ओळी, शुभेच्छा, सही.

भोसरीत फोन केला तो बुधवारी. आमचे अकाउंटंट काका म्हणाले, "उद्या ये." मी म्हटलं, काका, उद्या गुरुवार, सुट्टी. म्हणाले, "म्हणूनच ये. निवांत बसता येईल."

गुरुवारी अख्खी भोसरी एमआयडीसी बंद असते. शेडचं शटर अर्धं वर करून काका आत एकटेच बसले होते. समोर २०१० पासूनची हजेरीपुस्तकं काढून ठेवलेली. आधी त्यांनी माझी जॉइनिंगची तारीख शोधली, मग सोडल्याची. मी सांगितलेल्या तारखेत दोन दिवसांची चूक होती, ती त्यांनीच पकडली. मग म्हणाले, "आता सांग, काय काय करायचीस ते." मी सुरुवात केली तर मलाच धड आठवेना. त्यांना आठवत होतं! आलेल्या मालाची तपासणी, गेजचं कॅलिब्रेशन रजिस्टर, रिजेक्शनचा रिपोर्ट, कस्टमरकडून ऑडिट आलं की सगळी कागदपत्रं तयार ठेवणं. एकेक ओळ दोन बोटांनी टाइप करत होते. "आठवड्याचे तास कशाला हवेत त्यांना?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तीस तासांना ते पूर्णवेळ काम धरतात. काका स्क्रीनकडे बघत म्हणाले, "सहा दिवस, आठ तास. अठ्ठेचाळीस लिहितो. आपण कमी का लिहायचं?"

हे लिहिताना आत्ताही डोळ्यांत पाणी आलंय. रागाने लिहायला बसले होते.

आणखी एक. मी भोसरीत होते तेव्हा माहेरचं नाव होतं. डिग्रीवरही तेच, मधलं नाव वडिलांचं. लग्नानंतर पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं. आपल्याकडे बाईचं दोन तृतीयांश नाव एका दिवसात बदलतं आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. फाईल करायला बसलं की मग वाटायला लागतं. मी मीच आहे हे सिद्ध करायला शंभराच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करावं लागलं. (विद्यापीठाचंसुद्धा नाव २०१४ मध्ये बदललं, पण त्याला कुणी स्टॅम्प पेपर मागितला नाही!) काकांनी मात्र मी न सांगता पत्रात दोन्ही नावं घातली. आधी माहेरचं, मग "विवाहानंतर" म्हणून सासरचं. मला म्हणाले, "मुलीच्या वेळी बँकेत हेच झालं होतं आमचं."

तर एचआरवाल्यांची बाजू. खोटी अनुभवपत्रं विकणारे आहेत, मान्य. त्यामुळे हे लोक घाबरून असतात, तेही मान्य. पण अहो, ती तुमच्याकडे खोटं मागत नाहीये ना! तिचं अप्रेझल तुमच्या सिस्टिममध्ये आहे, तिचा पगार तुमच्या सिस्टिममध्ये आहे, तिने काय काम केलं हे सहा वर्षं दर वर्षी तुम्हीच तिच्याकडून फॉर्ममध्ये भरून घेतलंय. तेच कागदावर उतरवायचंय. आणि खोटं निघालं तर भोगायचं कुणी? अर्जदाराने. पाच वर्षं कॅनडाचं दार बंद होतं. तुमच्या केसालाही धक्का लागत नाही.

दुसरं एक वाक्य फार ऐकलंय, "देश सोडून चाललात, आम्ही का मदत करायची?" ज्याने हे मला २०१८ मध्ये ऐकवलं त्याची मुलगी आज परदेशात शिकते. जाऊ दे. त्या वाटेला जात नाही. कुणी जावं की राहावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, माझी आई आजही पुण्यात एकटी असते आणि तिची आठवण आली नाही असा माझा एक दिवस जात नाही. पण केलेलं काम केलेलं असतं. माणूस राहिला काय आणि गेला काय, त्याने घाम गाळला तो तुमच्याकडे. ते लिहून देणं हा उपकार नाही. ते त्याचं आहे.

सहा वर्षं हा काही छोटा आकडा नाही हो. तिशीपासून चाळिशीपर्यंत दर वाढदिवसाला कॅनडाच्या निवडयादीतले वयाचे पाच-सहा गुण कमी होत जातात. ती तेहतिसाची आहे. हे आयटीए वाया गेलं तर पुन्हा यादीत, कमी गुणांनी, पुन्हा वाट बघणं. हे त्या पॉलिसीवाल्या बाईंना ठाऊक नसेल, पण विचारलं तरी का नाही तिला?

काकांचं पत्र तेवढ्यावर संपलं नव्हतं. लेटरहेडवरचा लँडलाइन कधीच बंद झालेला, आणि फोन लागला पाहिजे असं माझ्या यादीत लिहिलेलं. काकांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून मोबाइल नंबर आणि ईमेलचा रबरी शिक्का करून आणला, लेटरहेडच्या तळाशी मारला, फुंकर घालून वाळवला. मालक आजारी होते, घरी. काका स्कूटरवर मला मागे बसवून निगडी प्राधिकरणात घेऊन गेले. मालकांनी पूर्ण पत्र वाचलं, दोनदा, आणि सही करताना म्हणाले, "एवढं सगळं करत होतीस तू?" बस. चहा प्यायलो, निघालो. काकांनी पेट्रोलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

काचेच्या बिल्डिंगचं काय झालं, तेही सांगते, कारण ते त्या पोरीच्या कामाचं आहे आणि तुमच्यापैकी कुणाच्या तरी. माझ्या आधीच्या मॅनेजरने स्वतःच्या नावावर, साध्या कागदावर, माझ्या सगळ्या जबाबदाऱ्या लिहून सही करून दिली. ते तोवर कंपनी सोडून गेले होते, त्यामुळे त्यांना कुणाची भीती नव्हती. त्याला जोडून ऑफर लेटर, बढतीची पत्रं, सॅलरी स्लिपा, फॉर्म १६, पीएफचा उतारा, कंपनीचं ते दोन ओळींचं पत्र, एचआरला पाठवलेल्या मेल आणि त्यांचा नकार. वर एक पानभर खुलाशाचं पत्र, की पूर्ण पत्र का मिळालं नाही आणि मिळवायला मी काय काय केलं. माझं झालं त्यात. पण ते दोन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. मुख्य अर्जदार मी होते, नवरा आणि लेक माझ्या फाईलवर. रात्री उठून सगळे कागद पुन्हा मोजायचे.

हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं. माझ्या पत्रांचे नमुने पाठवलेत. तिच्या जुन्या मॅनेजरने अजून नाही म्हटलेलं नाही, "बघतो" म्हणालेत. ते अजून त्याच कंपनीत आहेत, म्हणून कचरतायत.

माझ्या इथल्या मित्रयादीत चाकण-तळेगाव पट्ट्यात मॅनेजर, एचआर असलेले निदान तीस-चाळीस जण आहेत, कॉलेजचेच कितीतरी. तुमच्याकडे कुणी माजी सहकारी असं पत्र मागायला आला तर त्याला परत पाठवू नका रे. अर्धा तास लागतो. आणि त्या पोरीच्या कंपनीत वरच्या माणसांशी कुणाची ओळख असेल असं वाटत असेल तर मला इनबॉक्समध्ये लिहा, कंपनीचं नाव तिथे सांगते. तिच्याकडे ४१ दिवस आहेत, आणि त्यातले निदान पाच शनिवार-रविवार आधीच गेल्यात जमा आहेत.