गोड गळ्याचा डायोड

गणपती तोंडावर आलेत, भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर यंदा घरीच बांधायचा असं ठरलंय, आणि २४-०-२४ व्होल्टांचा पाच अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर कुडाळच्या एसटीतून मांडीवर घेऊन तुम्ही वाडीत पोचला आहात. डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा पुर्जा, बदलला की गाण्याचा आवाज बदलतो, असं शौकीन सांगतात. तेव्हा आता झोप उडवायची ती डायोडच्या आवाजापायी. स्पीकरची काळजी नको. त्याचा कोन शिमग्यात फाटला होता, त्यावर चिकटपट्टी आहे.

दुकानदार मधोमध भोक असलेला चौकोनी धातूचा ब्रिज, म्हणजे चार डायोडांची जोडणी, पुढ्यात टाकील. ३५ अँपिअर, १००० व्होल्ट, पत्र्याला स्क्रूने आवळा नि विसरा, म्हणेल. अशा अरसिकाशी वाद घालू नका. डायोड विसरायचाच असेल तर भजन तरी कशाला करायचं?

तुम्ही शॉटकी जातीचा डायोड मागा. साध्या सिलिकॉनमध्ये ०.७ व्होल्ट जातात, इथे जेमतेम अर्धे. ॲम्प्लिफायरला मिळणाऱ्या ३४ व्होल्टांच्या पुरवठ्यात, म्हणजे रेलमध्ये, वाचलेला हा पाव-अर्धा व्होल्ट अभंगाला वेगळीच झळाळी देतो. आरतीच्या वेळी सगळ्या वाडीच्या दिव्यांच्या तोरणांनी घरच्या विजेचे २३० व्होल्टांचे १८० झाले की त्याच ३४ चे २७ उरतात, पण त्याला इलाज नाही, म्हणून त्याचा विचारही नाही. उलटा दाब किती सोसेल, हेही विचारू नका. या ट्रान्सफॉर्मरवर ब्रिजमधल्या दर डायोडवर ६८ व्होल्ट उलटे येतात. ४० व्होल्टांची शॉटकी स्वस्तात मिळाली तर सोडू नका. पहिल्यांदा बटण दाबल्यावर जो 'फट्ट' ऐकू येईल, तितका स्वच्छ ट्रान्झिएंट, म्हणजे क्षणभराचा ठोका, पुन्हा ऐकायला मिळणार नाही.

शॉटकी गेली की अल्ट्राफास्टकडे, म्हणजे झटपट बंद होणाऱ्या डायोडकडे, वळा. यूएफ ४००७ म्हणे ७५ नॅनोसेकंदांत बंद होतो. आपल्या विजेची अर्धी लाट १० मिलिसेकंदांची, म्हणजे त्याच्या सव्वा लाखाहून जास्त पट. एवढी घाई अख्ख्या तालुक्यात कुणालाच नसते. डायोड बंद होताना ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत बारीक खरखर उठते, हे मात्र खोटं नाही. ती एक रेझिस्टर नि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चिंचोक्याच्या भावात गप्प करतात, हे कुणाला कळू देऊ नका. तो यूएफ एकाच अँपिअरचा असतो, हेही. फिल्टरचे, म्हणजे वीज साठवून सपाट करणारे, १०,००० मायक्रोफॅरडचे दोन रिकामे कपॅसिटर चालू करताक्षणी शॉर्टसारखेच वागतात, आणि पुढेही लाटेच्या शेंड्यावरच घटाघट करंट ओढतात. तीस अँपिअरचा एक झटका सोसून तो दमतो. जुनाट १एन ५४०८ डायोड दोनशेचा झटका झेलतो, पण त्याच्या नावात 'फास्ट' कुठे आहे?

एवढं करूनही घूं राहिली, तर आणखी महाग डायोड आणा. फिल्टरची घूं १०० हर्ट्झची, अर्थिंगच्या घोळाची ५० ची, असला भेदाभेद वैष्णवांना शोभत नाही. अर्थिंगची तार पडवीच्या खिळ्याला गुंडाळली आहे, आजोबांच्या काळापासून आहे, तिला हात लावू नका. खाऱ्या वाऱ्याने माइकच्या पिनेवर हिरवट थर आलाय, तोही शोभून दिसतो.

शेवटी ऐकण्याची परीक्षा घ्या. आजोबांना ओटीवर बसवा, आधी जुना डायोड, मग नवा. ते डोळे मिटून ऐकतील आणि म्हणतील, "फरक काय ता माका कळाक नाय, पण पखवाजाचो आवाज जरा वाढय."

त्यांचं मत धरू नका. शेजारच्या वाडीतून दुसरा परीक्षक बोलवा.