उंदराची नोकरी

मुंबईत मांजर पाळणाऱ्याला दोन नोकऱ्या कराव्या लागतात, आणि त्यांतल्या दुसरीत रजा नसते. आमच्या ठकूचा जन्म मुलुंडमधल्या एका इमारतीच्या पार्किंगमधला. आता ती पाचव्या मजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये राहते. खिडकीला लावलेल्या जाळीमुळे ती खाली पडत नाही आणि कबुतर आत येत नाही, म्हणजे जिवाची सोय झाली, शिकारीची मात्र झाली नाही. ही उणीव भरून काढण्याचे काम माझ्याकडे आले.

मांजर दिवसाचे १२ ते १६ तास झोपते हे खरे असले, तरी उरलेल्या वेळातला त्याचा खरा उत्साह पहाटे आणि तिन्हीसांजेला उफाळून येतो, कारण संधिप्रकाशात शिकार करणे ही त्याच्या कुळाची रीत आहे. मुंबईत या दोन वेळा म्हणजे अनुक्रमे नळाला पाणी येण्याची आणि लोकलमधून पिळून निघालेला माणूस घरी पोहोचण्याची.

लेझरचा लाल ठिपका भिंतभर पळतो, पण पंजाखाली काहीच लागत नसल्याने मांजर शेवटी चिडते. ठकूने ठिपक्याचा नाद सोडून थेट माझा अंगठा चावला. तिचा तर्क बिनचूक होता. कॅटनिप या मांजरांना धुंद करणाऱ्या वनस्पतीचा सुमारे एक तृतीयांश मांजरांवर काहीच परिणाम होत नाही आणि ही उदासीनता आनुवंशिक असते. ठकू त्याच घराण्यातली निघाली.

राहिली ती काठीला दोरीने बांधलेली पिसे. येथे बहुतेक माणसे उंदराची भूमिका फार वाईट करतात, असे माझे स्पष्ट मत आहे. ती पिसे मांजराच्या नाकासमोर नाचवतात; कोणता उंदीर असा नाचत आला आहे? पीस दूर सरकले पाहिजे, सोफ्याआड अर्धे दडले पाहिजे, क्षणभर निपचित पडून पुन्हा किंचित थरथरले पाहिजे. मग ठकूच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात, मागचे पाय चुळबुळतात आणि ती झेपावते. शेवटी शिकार तिच्या हाती लागू द्यायची, लगेच बिनमिठाचा उकडलेला बोंबील द्यायचा, म्हणजे ती खाते, अंग चाटते आणि झोपते. दोरी मात्र कपाटात कुलूपबंद करावी लागते, कारण मांजराने ती गिळली तर आतड्यात अडकून जिवावर बेतू शकते.

"अहो, आमच्या गिरगावच्या चाळीत एवढी मांजरं होती, कोणी त्यांच्यासमोर पिसं नाही हलवली," शेजारच्या काकू म्हणाल्या.

"काकू, तुमच्या चाळीत उंदीरही होते."

काकूंनी क्षणभर विचार केला, पदर खोचला, माझ्या हातातली काठी घेतली आणि दाराआडून पीस असे काही सुळकन पळवले की ठकू फ्रिजवरून उडी मारून आली. संध्याकाळची पाळी सध्या त्यांच्याकडेच आहे. पहाटेची त्यांनी साफ नाकारली.