एक पडला की गेला!

मेंढीकोटात हुकूम कधी उघडायचा, याचं पुस्तक आमच्याकडे कोणी पाहत नाही. कोणाच्या ओसरीवर बसलो आहोत ते पाहतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या या मुलखात पुतण्यानं पुण्याहून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आणलं आणि इंग्रजी वाचता येतं या गुन्ह्याखाली मला डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा पंच केलं. १९७४ साली अमेरिकेत निघालेला खेळ: प्रत्येकानं गोष्टीतलं एक पात्र व्हायचं आणि पात्राला काय जमलं ते फाशानं ठरवायचं. जाडजूड पुस्तकं आली, पण वीस बाजूंचा फासा आणायचं हा विसरला. मग डालड्याच्या जुन्या डब्यात एक ते वीसच्या चिठ्ठ्या टाकल्या. मागाहून ध्यानात आलं, विसाच्या चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला आहे आणि पुतण्याची बोटं डब्यात जरा जास्तच रेंगाळतात.

तरी ते दिवस सुखाचे. खरा छळ सुरू झाला तो त्यानं लॅपटॉपवर 'बाल्डर्स गेट ३' टाकल्यावर. लॅरियन कंपनीचा २०२३ चा गेम, नियम याच खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे. रात्री मी बाजेवर अंग टाकतो न टाकतो, तोच आतून आरोळी: "काकाजी, बेइमान हाये हे!"

कुलूप दहाचं, म्हणजे फासा आणि बोनस मिळून दहा झाले की उघडणार. त्याच्या चोराचा बोनस नऊ. फासा पडला एक. नऊ आणि एक दहा. पुस्तकाप्रमाणे कुलूप उघडायलाच हवं, कारण एकावर हमखास चुकणं हे हल्ल्याला आहे, कुलपाला नाही. गेमनं मात्र एक म्हणजे गेलाच असं धरलं, वर कुलूप उघडायची हत्यारंही खाल्ली. "पुस्तकात कुठी लिवलं हाये, दाखवा!" लॅपटॉपशी भांडता येत नाही, म्हणून अर्ध्या झोपेतला, चष्मा चाचपडणारा मी.

खरं सांगू? मी गेमच्या बाजूचा. एकाची चिठ्ठी निघाली की आमच्या ओसरीवर सगळे "गेला बे, गेला!" ओरडायचे, तेव्हा कोणी पुस्तक उघडलं होतं? शेजारचे मामाजी खेळात अशाच एकावर भिंतीवरून पडले, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हाच पठ्ठ्या हसला होता. कित्येक ठिकाणी हा खेळ असाच खेळतात. गेमवाल्यांनी पुस्तक सोडलं आणि ओसरी धरली, एवढंच.

आणि इन्स्पिरेशनचं, म्हणजे चांगलं खेळल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीचं काय? पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकात ते एका वेळी एकच मिळतं, तेही फासा टाकण्याआधी वापरायचं. गेम चार साठवू देतो आणि पडलेला फासा बघून पुन्हा टाकू देतो. शिवाय वाईट फाशांची रांग लागू नये म्हणून 'कार्मिक डाइस' आहेतच, म्हणजे सरकारमान्य दुमडलेला कोपरा. याबद्दल चिरंजीवांची तक्रार नाही.

पुस्तकाला नको तिथं चिकटलं की काय होतं, ते १९९८ च्या पहिल्या 'बाल्डर्स गेट'मध्ये पाहावं. त्या वेळच्या पुस्तकात होतं तसंच: चिलखताचा आकडा जितका कमी, तितकं चिलखत भारी! वजाबाकी कॉम्प्युटर करतो, मग तो उलटा आकडा माणसाला दाखवायचा कशाला? टेबलावर निदान मास्टरला शिव्या तरी देता येतात.

मी हे सगळं समजावत होतो, तेवढ्यात पुतण्यानं एफ-आठ दाबलं. जुना सेव्ह लोड झाला, चोर पुन्हा कुलपासमोर, हत्यारं शाबूत.

"हे पुस्तकात कुठी लिवलं हाये?" मी विचारलं.

"झोपा ना काकाजी, रात्र झाली."