दोन फुटी टँकमधले सहा शार्क: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'कम्युनिटी टँकमध्ये (म्हणजे वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र ठेवतो त्या टँकमध्ये) शार्क हवाय? मग एकच ठेवा' या माझ्या लेखावर तुम्ही चांगलीच सणसणीत प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमच्या कोपरखैरण्याच्या घरी दोन फुटी टँक आहे. त्यात एक रेड टेल, दोन रेनबो आणि तीन बाला शार्क (खरे शार्क नव्हेत, दुकानात त्या नावाने मिळणारे मासे), शिवाय छोटे गप्पी आणि तळाला चिकटून राहणारा एक सकर. आठ महिन्यांत एकही मासा गेलेला नाही. तुमच्या दुकानदाराचं म्हणणं, मासा टँकच्या मापाइतकाच वाढतो. आणि वाढलाच तर ठाण्यात तलाव काय कमी आहेत? मुलाला शार्कच हवा होता, आणि माझ्यासारखे लोक चार फुटी टँकच्या गप्पा मारून वन बीएचकेवाल्याला या छंदातूनच पिटाळून लावतात, असा तुमचा शेवटचा टोला.

त्या टोल्यापासूनच सुरुवात करतो. वन बीएचकेत चार फुटी टँक मावत नाही, हे अगदी मान्य. पण त्यावरून 'दोन फुटांत सहा शार्क' हे कसं निघतं? निघतं ते एवढंच, की दोन फुटांत शार्क नको. २ बाय १ बाय १ फुटाचा टँक काठोकाठ भरला तरी ५६-५७ लिटर. खाली वाळू, वर दोन बोटं मोकळी सोडली, की आकडा पन्नासच्या आत. एवढ्या पाण्यात झेब्रा डॅनिओचा थवा, तळाला पाच-सहा कोरी आणि दोन-चार प्लॅटी ठेवा. टँक भरलेला दिसेल, दिवसभर हालचाल राहील आणि मुलाला बघायलाही पुष्कळ असेल. यात कमीपणा कसला?

आता 'एकही गेला नाही' याकडे येऊ.

आठ महिने म्हणजे या माशांचं बालपण. दुकानातला रेड टेल बोटाच्या दोन पेरांएवढा असतो आणि त्या वयात त्याचं कुणाशीही जमतं. आठ-दहा सेंटीमीटरचा झाला की तो तळाचा एक तुकडा आपल्या नावावर करून घेतो. एखादं लाकूड, एखादी मातीची कुंडी, नाहीतर फिल्टरमागची जागा. त्या हद्दीत जो येईल त्याला हाकलायचं. तो सहसा चावून मारत नाही. तो हाकलतो, पुन्हा हाकलतो, दिवसभर हाकलत राहतो. ज्याला हाकलतो तो खायला येईनासा होतो, त्याचा रंग उतरतो, आणि काही आठवड्यांनी तो 'अचानक' जातो. मग दुकानदार म्हणतो पाणी बिघडलं असेल, आणि आपण औषधाची निळी बाटली घेऊन घरी येतो.

यात पहिला मार बसतो तो दिसायला जवळच्या माशाला. रेनबो हा रेड टेलच्याच वंशातला, म्हणजे एपाल्झिओरिंकस. तेच तोंड, तोच बांधा, तळाशी चरायची तीच सवय. रेड टेलच्या दृष्टीने रेनबो म्हणजे आपल्या जागेवर टपलेला दुसरा रेड टेलच. खऱ्या शार्कशी यांचा काडीचा संबंध नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. हे सगळं कार्पचं कुळ. १९३१ साली ह्यू मॅकॉर्मिक स्मिथ यांनी रेड टेलचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा त्याला लेबिओ वंशात घातलं होतं. आपला रोहू त्याच वंशातला. म्हणजे मुलगा ज्याला शार्क म्हणतो तो बाजारात कोळणीकडे दिसणाऱ्या रोहूचा भाऊबंद निघाला. (हे त्याला सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.)

आणि हा जोडीचा प्रकार. आपल्याकडे मासे जोडीच्या भावाने विकतात. कुर्ल्याच्या बाजारात जा, नाहीतर ठाण्या-वाशीतल्या कुठल्याही दुकानात जा, पाटीवर जोडीचाच दर. एकच रेड टेल मागितला की काउंटरमागून ठरलेलं वाक्य येतं, "एकटा नाही राहत साहेब, जोडी न्या." गप्पीला ही पद्धत ठीक आहे, रेड टेलला मुळीच नाही. त्या वयात त्यातला नर कुठला, मादी कुठली हे दुकानदारालाही कळत नाही. जोडी म्हणजे फक्त दोन नग. तुमचे रेनबो दोन का आहेत, याचं उत्तरही बहुधा तेच असावं.

घोडबंदर रोडवरच्या एका घरी अशीच रेड टेलची 'जोडी' पाहिली होती. एक मासा टँकच्या मधोमध, काळाकुट्ट, शेपूट विटेसारखी लाल. दुसरा शोधावा लागला. स्पंज फिल्टरच्या मागे, दोन काचा जिथे सिलिकॉनने जोडतात त्या कोपऱ्यात, तोंड वर करून उभा. अंग राखाडी पडलेलं, शेपूट फिकट नारिंगी आणि तिच्या वरच्या टोकाला एक खाच. दाणे टाकले. ते तळाला बसले तसा दुसरा फिल्टरआडून अर्धाच बाहेर आला. पहिला त्याच्या अंगावर गेलाही नाही, नुसता त्याच्या दिशेने वळला. तेवढ्याने दुसरा परत कोपऱ्यात. घरच्या वहिनी कौतुकाने म्हणाल्या, "हा आमचा लाजाळू आहे."

म्हणून मेलेले मासे मोजण्यापेक्षा आज रात्री खायला घालताना दहा मिनिटं समोर बसा. दोन रेनबोंपैकी खायला शेवटी कोण येतो? तो कुठून येतो? त्याची शेपूट पहिल्याइतकीच लाल आहे का? गप्पी सगळ्या पाण्यात फिरतात, की वरच्या दोन इंचांत घुटमळतात? या चारही प्रश्नांची उत्तरं चांगली आली तर मला जरूर कळवा, फोटोसकट. माझी अपेक्षा वेगळी आहे.

'मासा टँकच्या मापाइतकाच वाढतो' हे वाक्य मी इतक्या काउंटरवर ऐकलंय की छापून लावलेलं असावं. लहान टँकमध्ये मासा कमी वाढतो, हे खरं. पण तो समजूतदारपणे थांबत नाही. माशांच्या घाणीतून पाण्यात साचत जाणारं नायट्रेट, हालचालीला न मिळणारी जागा आणि सततचा ताण यांनी त्याची वाढ खुंटते, कणा वाकतो, प्रतिकारशक्ती जाते. बाला शार्क पूर्ण वाढला की ३५ सेंटीमीटरपर्यंत जातो. तुमच्या टँकची रुंदी ३० सेंटीमीटर. त्याला धड वळताही येणार नाही. शिवाय बाला थव्याने राहणारा, भित्रा मासा आहे. दार आपटलं, मिक्सर सुरू झाला, की भिंतीवर आदळतो आणि नाक फोडून घेतो. स्वभावाने तो गरीब, कुणाच्या वाटेला जात नाही, म्हणूनच कम्युनिटी फिश म्हणून सर्रास खपतो. पण त्याचं थव्याने नीट जमायला सहा फुटी टँक लागतो. तो तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे 'टायगर शार्क' नाहीतर 'व्हाइट शार्क' म्हणून विकतात तो. तुमच्याकडे तो नाही, ही जमेची बाजू. तो पंगस. आग्नेय आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांच्या खोऱ्यातला, १३० सेंटीमीटर आणि ४४ किलोपर्यंत वाढणारा. हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तो बहुतेक वेळा हाच असतो. सकरचंही ऐका. तोही फूटभराच्या पुढे जातो आणि राहतो तळालाच, म्हणजे रेड टेलच्या हद्दीत.

तलावाची गोष्ट तुम्ही गमतीत लिहिली असेल, पण मी ती गमतीत घेणार नाही. मासुंदा, उपवन, कचराळी हे ठाण्यातले तलाव म्हणजे परदेशी मासे टाकून देण्याची जागा नाही. थंडगार वाहतं पाणी लागणारा मासा तिथे मरेल, आणि नको तो नेमका जगेल. पंगस वरची हवा घेऊन श्वास घेऊ शकतो, सकरही घेतो. म्हणजे ज्या गढूळ, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात इतर मासे तडफडतात तिथे हे दोघे मजेत राहतात. सकर आपल्या देशातल्या किती जलाशयांत शिरलाय ते मासेमारी करणाऱ्यांना विचारा, जाळी फाडतो म्हणून शिव्या देतात. कंटाळा आलेला मासा तलावात सोडणं याला भूतदया म्हणत नाहीत.

मग शार्क ठेवायचाच असेल तर कुठला? चार फूट लांबीचा टँक असेल तर एक रेनबो किंवा एक रेड टेल. दोन्हींतला एकच, आणि तो एकटाच. दोघंही १२ ते १५ सेंटीमीटरच्या आसपास थांबतात. दोघांत रेनबो जरा बरा, रेड टेल जास्त तापट. रेड टेल थायलंडच्या नद्यांमध्ये आता अतिसंकटग्रस्त आहे. दुकानात येतात ते फार्मवर वाढवलेले.

सोबतीला मधल्या आणि वरच्या पाण्यातले, चपळ, आखूड परांचे मासे घ्या. रोझी बार्ब किंवा टायगर बार्ब, दोन-तीन नव्हे, आठ-दहा. वर डॅनिओ. गप्पी, बेट्टा, लांब परांचे एंजल नकोत. कोरी आणि लोच तळाला राहतात म्हणून तेही नकोत. शार्क सगळ्यात शेवटी सोडा, म्हणजे बाकीच्यांचं बस्तान आधी बसलेलं असतं. लाकडं आणि दगड असे मांडा की टँकच्या एका टोकाचं दुसऱ्या टोकाला दिसणार नाही. समोर दिसला नाही की त्याला पाठलाग करायचं सुचत नाही. आणि झाकण! फिल्टरच्या पाइपसाठी मागे जो काप असतो ना, त्यातूनही हे उडी मारतात. तिथे जाळी लावा.

एक देशी मासा आहे, त्याचा मोह तुम्हाला होईल. रोझलाइन शार्क. अंगावर लाल आणि काळा पट्टा, थव्याने राहतो, भांडत नाही. केरळ आणि कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या नद्यांतला. २०१३ पासून याच्या वंशाचं नाव सह्याद्रिया आहे. हा खरा कम्युनिटी शार्क, असं मी म्हणालो असतो, पण दोन अडचणी आहेत. तो संकटग्रस्त आहे, आणि नदीतून धरून आणलेला की फार्मचा, हे दुकानात खात्रीने कळत नाही. दुसरी अडचण आपला मे महिना. याला गार आणि खळाळतं पाणी लागतं, आणि ठाण्या-नवी मुंबईत तेव्हा टँकचं पाणी तिशी सहज ओलांडतं. पाण्यावर पंखा सोडून एक-दोन अंश उतरतात. त्यात वीज गेली की संपलं.

आता तुमच्या टँकचं. तीन बाला आधी परत द्या, आजच बोलून ठेवा. नेहमीचं गिऱ्हाईक असेल तर बरेच दुकानदार मासे परत घेतात, पैसे नाही तरी दाणे देतात. त्यानंतर दोन्ही रेनबो आणि सकर. रेड टेल सध्या लहान आहे, त्याला घर शोधायला तुमच्या हातात काही महिने आहेत. तोपर्यंत दर आठवड्याला पाव टँक पाणी बदला. सोसायटीत टँकर आला असेल त्या दिवशी बदलू नका. टँकरचं पाणी बोअरचं असेल तर जड असतं आणि नळाच्या पाण्याशी त्याचा मेळ बसत नाही. नळाचं असेल तर अँटी-क्लोरीन घालूनच.

बाला न्यायच्या आदल्या दिवशी खायला घालू नका. उन्हं उतरल्यावर निघा. पिशवीत तिसरा हिस्सा पाणी, बाकी हवा. एका पिशवीत एकच मासा, पिशवी दुहेरी आणि बाहेरून वर्तमानपत्र गुंडाळून. अंधारात तो कमी उसळतो.